सल्ला हवाय: मराठी माध्यम, टीवाय बीएस्सी, चार महिन्यांत इंग्रजी बोलता यायला हवं (बजेट २००० रु.)

कळवणची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी टीवायला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. नाशिकला कॉलेज रोडच्या मागे आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून रूम केलीये. दहावीपर्यंत गावाकडे मराठी माध्यम, अकरावी सायन्सपासून सगळं इंग्रजीत. वाचलेलं कळतं, पेपर लिहिता येतो, मार्कंही बरे पडतात, पण तोंड उघडत नाही. मागच्या व्हायवाला सरांनी विचारलं झेनर डायोड रिव्हर्स बायसमध्ये, म्हणजे उलटा जोडून, का वापरतात. उत्तर मला पाठ नव्हतं तर समजलेलं होतं, की ब्रेकडाऊनला करंट कमीजास्त झाला तरी त्याच्यावरचं व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं म्हणून. मराठीत धडाधड सांगितलं असतं. मी "बिकॉज व्होल्टेज... कॉन्स्टंट..." एवढं म्हणाले आणि पुढे काही सुचेना. सर "नेक्स्ट" म्हणाले. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

चार महिन्यांनी सातपूर, अंबडच्या कंपन्या कॅम्पसला येतील. सगळं मिळून बजेट २००० रुपये, त्याच्या वर खरंच नाही, पप्पांचा कांदा अजून चाळीतच आहे. शनिवार-रविवार मोकळी असते. क्लास, ॲप, पुस्तक काहीही चालेल पण स्वतः वापरलेलं सांगा. आणि प्लीज "न्यूनगंड सोड" एवढंच लिहू नका.

सिडकोकर_८८
क्लास लाव. मी लावला होता, सहा महिने, १६००० फी, पण एक एक रुपया वसूल झाला. रोज उभं राहून पाच मिनिटं बोलायला लावायचे, पहिल्या आठवड्यात पाय लटपटायचे, नंतर माईक सोडवत नव्हता. आज मी पुण्याच्या क्लायंटशी एकटा कॉल घेतो. फी हप्त्याने घेतात, विचारून बघ.

कळवणची_लेक
दादा, बजेट २००० आहे.

सिडकोकर_८८
हो वाचलं, म्हणून तर हप्ता म्हटलं. शिक्षणाच्या खर्चात काटकसर करू नये असं माझं मत.

गोदाकाठ
क्लासच्या नादी लागू नको ताई. मी १२००० भरले होते, नाव घेत नाही. तीन महिन्यांत तीन सर बदलले, प्रत्येक जण पहिल्यापासून टेन्स सुरू करायचा, प्रेझेंटच्या पुढे गाडी गेलीच नाही आणि दिवाळीनंतर गेलो तर शटर बंद. पैसे आजपर्यंत मिळाले नाहीत. रोज वीस मोठे शब्द पाठ करायला द्यायचे, ते मला अजून येतात, पण नोकरीला लागल्यावर साहेबाला "मी उद्या दोन तास उशिरा येऊ का" हे विचारायला मला सकाळपासून वाक्य जुळवत बसावं लागायचं. शब्द सुटे पाठ करून काही होत नाही, अख्खं वाक्यच तोंडात बसावं लागतं.

रोज_एक_धडा
ॲप घे. माझे सलग ३१२ दिवस झालेत, एकही दिवस खाडा नाही, बहिणीच्या हळदीच्या दिवशीपण रात्री पावणेबाराला केला. वर्षाचं पेड घेतलंय त्यामुळे जाहिराती येत नाहीत.

कळवणची_लेक
बोलता येतं का त्याने? म्हणजे समोर माणूस असताना?

रोज_एक_धडा
समोर माणूस असा अजून आला नाही. पण स्पेलिंग खूप सुधारलं.

आवाज_क्लिअर
कुठलंही ॲप घे पण आधी चांगला हेडफोन घे, माईकवाला. मी ३५०० चा घेतला, शेवटचे टी, डी, एस स्पष्ट ऐकू यायला लागले, आधी मला "आस्क" आणि "आस्क्ड" एकच वाटायचं. २००० मध्ये येतात त्यांचा बेस फुगलेला असतो.

निवृत्त_मास्तर
बाळ, मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीचशी पेठ-सुरगाण्याकडे. तुझी अडचण मला ओळखीची आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू अडतेस ते शब्दांमुळे नाही. मराठीत आपण सगळं बोलून झाल्यावर क्रियापदाकडे येतो, आणि प्रश्न असेल तर शेवटी "का" लावला की झालं. "तो रोज येतो का?" इंग्रजीत प्रश्न आहे हे पहिल्याच शब्दाला ठरवावं लागतं, "डझ ही कम", आणि ह्या "डझ"ला मराठीत जोडच नाही. म्हणून आपलं पोर पहिल्या शब्दालाच थांबतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं ह्याला विषय येत नाही. तसंच "मी काल आलोय" हे आपल्याकडे चालतं, तिकडे "येस्टरडे" आलं की "हॅव कम" चालत नाही. अ, ॲन, द तर आपल्या भाषेत नाहीतच. ते चार महिन्यांत पक्के होणार नाहीत, आणि त्यावाचून अर्थ क्वचितच अडतो, त्यामुळे सध्या ते सोडून दे. रोज दहा प्रश्न मोठ्याने विचारायचे, भिंतीला विचार हवं तर. डझ, डिड, कॅन, विल ह्यांनी सुरू होणारे.

शब्दांचं म्हणशील तर मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक होते, त्यांनी बरीच वर्षं बंगालमध्ये काढली. त्यांनी १९५३ मध्ये रोजच्या वापरातल्या साधारण २००० शब्दांची यादी काढली. पुढे २००० साली एव्हरिल कॉक्सहेड ह्यांनी विद्यापीठाच्या पुस्तकांत वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुटुंब) वेगळी काढली. दोन्ही याद्या नेटवर फुकट मिळतात. तुला त्यातले बहुतेक वाचून ओळखता येतील, फक्त जिभेवर नाहीत. नवीन शब्दांमागे धावण्यापेक्षा ओळखीचे शब्द बोलण्यात आण.

सावाना_सभासद
सरांशी सहमत. माझा सल्ला, रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाच. सार्वजनिक वाचनालयात जा, १८४० सालची संस्था आहे आपल्या नाशिकची, पेपर वाचायला बसता येतं, शांतता असते. मी अग्रलेख वाचून वाचूनच शिकलो, कठीण शब्द वहीत उतरवायचो, अशा अकरा वह्या भरल्यात.

निवृत्त_मास्तर
वाचनालयात जरूर जावं, पण अग्रलेख तिच्यासाठी आत्ता नको. वाचन आपोआप अंगात मुरायचं तर शंभरातले ९८ शब्द आधीच ओळखीचे लागतात, असं ह्यावर काम करणारे लोक सांगतात. ओळीला दोन शब्द अडले की ते वाचन राहत नाही, डिक्शनरी बघणं होतं. आठवी-नववीच्या इंग्रजी माध्यमाचं सायन्सचं पुस्तक घे, विषय येतो, भाषा सोपी आहे, मोठ्याने वाच.

सावाना_सभासद
मला अग्रलेखाचा फायदा झालाय सर, अनुभवाने सांगतोय.

बंगळुरूतला_नाशिककर
उच्चारांवर कोणीच बोललं नाही. इथे आयटीत सगळे अमेरिकन क्लायंट, सुरुवातीपासून अमेरिकन ॲक्सेंटच पकड, नंतर बदलणं अवघड जातं.

देवळाली_कॅम्प
काही गरज नाही. ब्रिटिशच बरोबर, आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश स्पेलिंगची आहेत. आणि अंबडच्या कंपनीत अमेरिकन कोण भेटणारे तिला?

बंगळुरूतला_नाशिककर
मग आयुष्यभर अंबडमध्येच राहायचं का तिने? विचार मोठा ठेवायला सांगतोय.

अंबड_क्यूसी
अंबडमध्ये राहणारा बोलतो. मी क्वालिटीत आहे, चार वर्षं कॅम्पसच्या टेक्निकल राऊंडला बसतो. ॲक्सेंट आम्ही बघत नाही. शॉप फ्लोअरवर मराठी-हिंदीच चालते, इंग्रजी लागतं ते मेलला, रिपोर्टला आणि ऑडिटला, कारण ऑडिटर चेन्नईचा नाहीतर गुरुग्रामचा असतो आणि तो विचारतो हा पार्ट रिजेक्ट का केला, ते सरळ तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. आधी काय केलं, मग काय दिसलं, म्हणून काय ठरवलं. मुलं "टेल मी अबाऊट युवरसेल्फ" पाठ करून येतात, ते मी ऐकतसुद्धा नाही, प्रोजेक्टवर येतो आणि तिथे गप्प होतात. ताई तू प्रॅक्टिकल करताना हळू आवाजात बोलत जा, आता मी मीटर लावते, आता रीडिंग घेते, हे इंग्रजीत. पैसे शून्य.

कांदा_द्राक्ष
मूळ दुखणं वेगळंच आहे. आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी होतं, २००० पासून पहिलीपासून आलं, तरी पोरांना बोलता येत नाही. सेमी इंग्रजीचं फॅड आहे नुसतं, ना धड मराठी ना धड इंग्रजी.

अथर्वची_आई
माझा मुलगा सेमीलाच आहे आणि छान बोलतो. सरसकट असं बोलू नका हो.

कळवणची, मी स्वतः पस्तिशीनंतर शिकले. बीए मुक्त विद्यापीठातून केलं, नाशिकरोडहून रविवारी स्टडी सेंटरला जायचे. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा सहा मिनिटांचे कार्यक्रम आहेत, फुकट. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तसंच त्याच चालीत म्हणायचं. मग फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा. पहिल्या दिवशीचा मी अजून डिलीट केलेला नाही. ऐकताना कळलं की मी प्रत्येक शब्दावर सारखाच जोर देते. "फोटोग्राफ"मध्ये जोर पहिल्या "फो"वर आणि "फोटोग्राफी"मध्ये "टॉ"वर, हे मला कोणी शाळेत सांगितलंच नव्हतं.

सिडकोकर_८८
हे सगळं क्लासमध्ये घेतात. रोज उभं राहून बोलणं महत्त्वाचं.

नवा_मेंबर_३
ताई कोणतंही चांगलं ॲप घ्या, आणि रोज इंग्रजी पेपर वाचा.

कळवणची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर काका, तुमचं "डझ"चं वाचून मी उठून आरशासमोर गेले आणि खरंच तिथेच अडते मी. अंबडच्या दादांचं पण वहीत उतरवून घेतलंय.

पण मी ठरवलंय ते वेगळंच आहे. माझ्या मामांचं पंचवटीत तांब्या-पितळेचं छोटं दुकान आहे, रामकुंडापासून पाच मिनिटांवर. आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकातून येणाऱ्या भाविकांना मराठी येत नाही, बऱ्याच जणांना हिंदी पण येत नाही, आणि मामांना इंग्रजी येत नाही, बोटांवर भाव सांगतात. मी दर शनिवार-रविवार तिथे बसणार. मामा दिवसाचे २०० देतो म्हणालेत. क्लास नाही, ॲप नाही.

सिडकोकर_८८
दुकानात तुटकं इंग्रजी शिकशील. समोरचाही चुकीचं बोलणार, तू पण चुकीचं बोलणार, दोघांच्या चुका पक्क्या होतील. विचार कर.

बंगळुरूतला_नाशिककर
ह्या बाबतीत दादांशी सहमत. तेलुगू ॲक्सेंट लागेल.

निवृत्त_मास्तर
मलाही थोडी धास्ती वाटते. दर-भाव करायला पन्नास शब्द पुरतात, पुढे वाढ खुंटते. निदान रोजचे प्रश्न सोडू नकोस.

कळवणची_लेक
पाच आठवडे झाले, कळवायचं राहिलं होतं.

पहिल्या दोन रविवारी खरंच "हंड्रेड फिफ्टी", "फिक्स्ड प्राइस" एवढंच बोलले. मास्तर काकांचं बरोबर निघतंय असं वाटलं आणि वाईट वाटलं. तिसऱ्या रविवारी एक आजोबा-आजी आले, राजमहेंद्रीचे. त्यांच्या गावालाही गोदावरीच आहे पण त्यांना उगमाकडचं पाणी घरी न्यायचं होतं. त्यांनी सीलबंद गडू हातात घेतला, उलटा केला, कानाशी हलवला आणि विचारलं, "विल इट लीक इन द ट्रेन?" मी म्हटलं, "नो लीक." ते म्हणाले, "हाऊ डू यू नो?" आणि माझ्याकडे बघत थांबले, दुसरीकडे बघितलंच नाही त्यांनी, घाईपण नव्हती. तोंडाला डाग दिलाय, म्हणजे धातू वितळवून सांधा बंद केलाय, हे सांगायचं होतं. "डाग" म्हणून माझ्या डोक्यात "स्टेन"च यायला लागलं. मग गडूच्या तोंडावरची ती राखाडी कड बघितली आणि एकदम लक्षात आलं, अरे ही तर आपण लॅबमध्ये रोज करतो. "फर्स्ट वी फिल द वॉटर. देन वी पुट द लिड. देन वी सोल्डर इट, सो वॉटर कॅनॉट कम आऊट." तीन वाक्यं सलग, मध्ये थांबले नाही. आजोबांनी तेलुगूत आजींना सगळं सांगितलं, आजींनी परत काहीतरी विचारलं, मी परत सांगितलं, ह्या वेळी गडू वाकडा करून दाखवला पण. तीन गडू घेतले त्यांनी.

मागच्या बुधवारी प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं ड्राय जॉइंट (नीट न धरलेला डाग) म्हणजे काय. मी सरांकडे न बघता हातातल्या बोर्डाकडे बघत सांगितलं, जसं गडूकडे बघून सांगते तसं. दोन ठिकाणी चुकले, "द" राहिले असतील. सरांनी पुढचा प्रश्न मलाच विचारला.

२००० मधले ३५० गेले, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक डिक्शनरी घेतली, प्रत्येक शब्दाला उदाहरणाचं वाक्य असलेली.

अथर्वची_आई
वाचून डोळ्यात पाणी आलं गं. आज रेकॉर्ड करून ठेव हे सगळं, तुझ्या आवाजात.

अंबड_क्यूसी
आधी काय, मग काय, म्हणून काय. हेच हवं असतं. आमच्या कंपनीचं कॅम्पस तुमच्याकडे असेल तर हे गडूचं उदाहरण जरूर सांग.

बंगळुरूतला_नाशिककर
छान झालं. फक्त एक, अमेरिकन लोक सोल्डरमधला एल म्हणत नाहीत, "सॉडर" म्हणतात.

देवळाली_कॅम्प
ब्रिटिश म्हणतात. तू "सोल्डर"च म्हण.

कळवणची_लेक
राजमहेंद्रीच्या आजोबांना "सोल्डर" कळलं, सध्या तेच म्हणते. मास्तर काका, एक विचारायचं होतं. "वॉटर कॅनॉट कम आऊट" बरोबर की "द वॉटर"? मामाकडे येत्या शनिवारी मोठा ग्रुप येणार आहे मदुराईचा.

निवृत्त_मास्तर
"द वॉटर". आधी ज्या पाण्याबद्दल बोललीस तेच ते पाणी म्हणून. शनिवारी ग्रुप गेला की कोणते प्रश्न आले ते इथे लिही, त्यावरून पुढचे दहा मी देतो.