लाइव्ह एडला लेड झेपेलिन पडलं, पण चाळीस वर्षं शिव्या एकट्या फिल कॉलिन्सला का?

निळी_कॅसेट:

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडवर जीव आहे म्हणूनच लिहितोय, त्यामुळे "तुला रॉक कळत नाही" वगैरे सुरू करू नका प्लीज. विषय १३ जुलै १९८५ चा. इथिओपियातल्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज यूर यांनी लाइव्ह एड उभं केलं, एकाच दिवशी लंडनला वेम्बली आणि तिकडे फिलाडेल्फियाला जेएफके स्टेडियम. झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम सप्टेंबर १९८० मध्ये गेला, डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड बंद केल्याचं जाहीर केलं, आणि त्यानंतर पहिल्यांदा जिमी पेज (गिटार), रॉबर्ट प्लांट (गायक) आणि जॉन पॉल जोन्स (बेस, की-बोर्ड) लोकांसमोर एकत्र येणार होते. समोर नव्वद हजारांच्या आसपास पब्लिक, बाकी जग टीव्हीपुढे. आणि वाट्याला काय आलं तर रॉक अँड रोल, होल लोटा लव्ह, स्टेअरवे टू हेवन, तीन गाणी, आणि तिन्ही पडली.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेजची गिटार बेसूर आहे आणि तो तशीच दामटतोय, स्टेअरवेचा सोलो जिथे चढायला पाहिजे तिथे बोटं अडखळतात, प्लांटचा गळा साफ बसलेला, वरच्या ओळी तो सरळ सोडून देतो नाहीतर खालून म्हणतो. मागे दोन ड्रमर, फिल कॉलिन्स आणि शिक या बँडचा टोनी थॉम्पसन, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाहीये हे ड्रम्समधलं काही न कळणाऱ्यालाही कळेल.

आता माझं म्हणणं. एखादा दिवस वाईट जातो, कोणाचाही जातो, त्याबद्दल तक्रार नाही. राग याचा आहे की इतक्या मोठ्या क्षणासाठी तालीम किती, तर जेमतेम तास-दोन तास, तीही कॉलिन्सशिवाय, कारण तो त्या दिवशी दुपारी लंडनला वाजवत होता. त्याच दिवसाचं क्वीन बँडचं बघा, त्यांनी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये कित्येक दिवस बसून वीस मिनिटांचा सेट घोटला होता, कुठलं गाणं कुठे कापायचं इथपर्यंत. झेपेलिननं ते केलं नाही आणि नंतर पेज जिथे तिथे सांगत राहिला की ड्रमरला रॉक अँड रोलची सुरुवात येत नव्हती. अहो पण ड्रमर ठरवला कोणी? स्टेज तुमचं, नाव तुमचं, मग जबाबदारीही तुमचीच ना?

रिव्हर्ब:

पूर्ण असहमत. पहिली गोष्ट म्हणजे तो बँड म्हणून पुनरागमनाचा शो नव्हताच, पोस्टरवर लेड झेपेलिन असं नावसुद्धा त्यांना नको होतं. मदतीचा कार्यक्रम, कोणी मानधन घेतलेलं नाही, एकामागून एक बँड स्टेजवर ढकलले जातायत, धड साउंडचेक नाही, स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये स्वतःचा आवाज येत नाही, अशात स्टुडिओसारखं वाजवा म्हणणं हे घरी बसून म्हणायला सोपं आहे. त्याच दिवशी वेम्बलीला पॉल मॅकार्टनीचा माइक पहिली काही मिनिटं बंद होता, फिलाडेल्फियाला डिलनची तार तुटली आणि रॉनी वुडनं स्वतःची गिटार काढून त्याला दिली, ड्युरन ड्युरनच्या सायमन ल बॉनचा आवाज वरच्या सुरावर फाटला तो तर फेमसच आहे. यांना कोणी चाळीस वर्षं धारेवर धरत नाही.

आणि क्वीनशी तुलना करूच नका. चौघंच्या चौघं जागेवर, मे १९८५ पर्यंत त्यांची टूर चालू होती, हात-गळा सगळं गरम. इकडे पाच वर्षं बंद असलेला बँड आणि ज्याच्यावर सगळं उभं होतं तो माणूस हयात नाही.

उंडगा:

+१ रिव्हर्ब. जेएफकेचं पब्लिक ऐका त्या रेकॉर्डिंगमध्ये. पहिल्या रिफला जी आरोळी उठते ती निराश झालेल्या लोकांची आहे का? निराश झाले ते टीव्हीवाले आणि नंतर टेप बघणारे आपण.

मंद्र_सप्तक:

पब्लिक ओरडलं म्हणून शो चांगला हे मला पटत नाही राव. पाच वर्षांनी आपली माणसं दिसली तर लोक ओरडणारच, पण ती आरोळी आधीच्या दहा-बारा वर्षांच्या कमाईची होती, त्या वीस मिनिटांची नव्हती.

मी स्वतः ड्रम्स वाजवतो म्हणून रॉक अँड रोलच्या सुरुवातीबद्दल थोडं. बॉनमची ती एन्ट्री फसवी आहे, कानाला वाटतं तिथे सम नसतेच, तो मधूनच उचलतो आणि गिटार आली की कळतं अरेच्चा एक इथे होता. ज्यानं ती मुद्दाम मोजून बसवलेली नाही तो पहिल्यांदा चुकतोच, मग कितीही मोठा असो. आणि कॉलिन्स काही कच्चा नव्हे, जेनेसिस या त्याच्या बँडमध्ये सात आणि नऊ मात्रांची गाणी वाजवलेला माणूस आहे तो. प्लांटच्या बॉनमनंतरच्या पहिल्या दोन्ही सोलो अल्बमवर बहुतेक ड्रम्स त्याचेच आहेत, १९८३ ला प्लांटबरोबर टूरही केली. म्हणजे परका माणूस धरून आणलेला नव्हता. त्याला आधी असंच वाटलं होतं की प्लांटबरोबर थोडंफार वाजवायचंय, तोपर्यंत इकडे ते झेपेलिनचं एकत्र येणं होऊन बसलं. तालमीला तो नसणार हे माहीत होतं ना? मग दोन ड्रमर एका सेटवर बसवायचे असतील तर कोणी काय वाजवायचं हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर दोघंही घाबरून साधंच वाजवतात आणि झेपेलिनच्या गाण्यातला जो डोलारा आहे तो खाली बसतो. त्या टेपमध्ये नेमकं तेच झालंय.

शेवटची_लोकल:

कॉलिन्सला इतकं साधंभोळं करू नका. वेम्बलीला वाजवलं, काँकॉर्ड विमानानं न्यूयॉर्क, तिथून हेलिकॉप्टरनं फिलाडेल्फिया, तिथे गिटारवादक एरिक क्लॅप्टनसाठी ड्रम्स, स्वतःची गाणी, आणि मग झेपेलिन. एकाच दिवशी दोन खंडांत वाजवायची हौस त्याची होती. तालमीला वेळ नसेल तर सांगायचं की बाबांनो टोनीला वाजवू दे, मी बाजूला उभा राहतो. थॉम्पसननं तर तालीम केली होती. मग दोषाचा वाटा त्याच्याकडेही जातोच की. पेज म्हणतो त्यात तथ्य आहे, फक्त तो अर्धंच सांगतो.

निळी_कॅसेट:

@शेवटची_लोकल कॉलिन्सनं नंतर स्वतःच मुलाखतीत सांगितलंय की मध्येच उठून जावंसं वाटत होतं, पण तसं केलं असतं तर आयुष्यभर लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं असतं म्हणून बसून राहिला. तो दोषी नाही असं मी म्हणतच नाहीये. पण गिटार बेसूर होती ती कॉलिन्समुळे? प्लांट स्वतःच्या टूरमध्ये ओळीनं शो करून बसलेल्या गळ्यानं आला ते कॉलिन्समुळे? तीन गोष्टी बिघडल्या, त्यातल्या दोन पुढे उभे असलेल्यांच्या होत्या आणि नाव मात्र मागच्याचं घेतलं जातं, याचा मला मनापासून त्रास होतो. फॅन लोक तर डोळे मिटून तेच पुढे चालवतात.

@उंडगा टीव्हीपुढे बसलेल्या पोरांची निराशा ही निराशा नाही का? ज्यांना हा बँड कधी प्रत्यक्ष बघायलाच मिळाला नव्हता त्यांची ती पहिली आणि एकमेव भेट होती.

अँप_अकरा:

तालीम नाही म्हणून शो पडला हे समीकरण मला तरी खूप सोपं वाटतं. आपल्या मुंबईचंच उदाहरण आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते, तेव्हा कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबमध्ये चढून वाजवलं, वाद्यं तिथलीच, तयारी शून्य. त्या रात्रीबद्दल आजही जुने लोक डोळे चमकवून सांगतात. बिनतयारीचं वाजवणं हे या लोकांच्या रक्तात होतं, स्टेजवर अर्धा-अर्धा तास एकच गाणं फिरवत नेणारा बँड तो. पेजच्या हातून सूर निसटणं तर १९७७ च्या टूरपासून चालू होतं, शिकागोला एका शोमध्ये पोट दुखतंय म्हणून त्याला तासाभरात थांबावं लागलं होतं. म्हणजे १९८५ ला आभाळातून काही कोसळलं असं नाही. तुम्ही रेकॉर्डवरचं झेपेलिन डोक्यात धरून बसलात म्हणून जास्त लागलं.

मंद्र_सप्तक:

क्लबमध्ये शे-दोनशे लोक, कोणाचीच काही अपेक्षा नाही, जे होईल ते बोनस. तिथली मोकळीक स्टेडियममध्ये कशी चालेल? आणि अर्धा तास गाणं फिरवता यायचं कारण चौघं बारा वर्षं एकमेकांचा श्वास ओळखत होते. बॉनम पेजच्या खांद्याकडे बघून वळण घ्यायचा. ती सवय गेली की मग तालमीशिवाय दुसरा आधारच उरत नाही, उलट त्यांना इतरांपेक्षा जास्त तालीम लागणार होती.

तिरपागडा:

मध्येच एक विचारतो, शो पडला हे ठरवायचं कोणी? त्याच दिवशी यू-टू या बँडला घ्या. त्यांचा गायक बोनो 'बॅड' हे गाणं गाताना स्टेजवरून खाली उतरला, पब्लिकमधल्या मुलीबरोबर नाचला, गाणं बारा मिनिटांच्या आसपास लांबलं आणि वेळ संपल्यामुळे त्यांचं हिट गाणं प्राइड राहूनच गेलं. बँडमधले बाकीचे त्याच्यावर चिडलेले, यानं सगळी वाट लावली असंच सगळ्यांना वाटलं. आणि लोकांना आज त्या दिवसाचं क्वीननंतर तेच आठवतं. कलाकाराला पडला वाटलेला शो लोकांनी डोक्यावर घेतला. मग उलटंही होऊ शकतं ना, प्लांट नंतर या सेटबद्दल फार वाईट बोलला म्हणून आपणही तसंच म्हणायचं?

निळी_कॅसेट:

यू-टू चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बोनोचं गणित चुकलं, पण तो त्या क्षणी पूर्ण तिथे होता, समोरच्या एका माणसासाठी सगळा सेट पणाला लावला. मी स्टेअरवे बघताना तेच शोधत असतो. ती दोन मानांची डबल-नेक गिटार गळ्यात आहे, सगळं ओळखीचं आहे, आणि पेजचं लक्ष कुठेतरी भलतीकडे. चुकीचे सूर मी सोडून देईन, मला लागतं ते हे लक्ष नसणं.

रिव्हर्ब:

लक्ष नव्हतं हे तुम्ही टेपवरून कसं ठरवलंत? बेसूर गिटार हातात आली, मॉनिटर मेलेला, अशा वेळी कोणाचाही चेहरा असाच होतो. आणि हे विसरू नका की याच लोकांनी त्यातून शिकून पुढे काय केलं.

१९८८ ला त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या, अटलांटिक रेकॉर्ड्सच्या, चाळीसाव्या वर्षाला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पुन्हा एकत्र आले, यावेळी बॉनमचा मुलगा जेसन ड्रम्सवर, तरी तेही फसलं, टीव्हीवर जोन्सचा की-बोर्डच ऐकू येत नव्हता. मग १० डिसेंबर २००७, लंडनचं ओ-टू, अटलांटिकचा संस्थापक अहमेत एर्टेगनच्या आठवणीतला शो. काही महिने आधीपासून तालमी, पेजचं बोट मोडलं तर कार्यक्रम पुढे ढकलला पण अर्धवट हातानं स्टेजवर आला नाही, प्लांटला झेपावं म्हणून काही गाणी खालच्या पट्टीत घेतली. वीस हजारांच्या आतबाहेर जागा आणि तिकिटांसाठी दोन कोटींवर अर्ज. ज्यांनी तो शो केला त्यांना प्रेक्षकांची कदर नव्हती असं म्हणणं अन्याय आहे.

मंद्र_सप्तक:

बरोबर, आणि त्यानं धागाकर्त्याचाच मुद्दा सिद्ध होतो. तीच माणसं, वय बावीस वर्षांनी जास्त, गळा आणखी उतरलेला, बॉनम तेव्हाही नव्हताच. बदललं काय, तर एकच ड्रमर आणि भरपूर तालीम. पट्टी खाली घेण्याला काही लोक फसवणूक म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही. साठीच्या माणसानं आपल्या गळ्याला झेपेल तिथून सुरात गावं की मूळ पट्टीत ओरडून फाटावं? १९८५ ला प्लांटचा गळा बसलाय हे माहीत असताना तेवढं जरी केलं असतं तरी अर्धी लाज राखली गेली असती.

अँप_अकरा:

२००४ च्या डीव्हीडीबद्दल कोणी बोललंच नाही. लाइव्ह एडची अधिकृत डीव्हीडी आली तेव्हा झेपेलिननं आपला सेट घालायला नकार दिला आणि बदल्यात देणगी द्यायचं ठरवलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. आपलं कुठलं काम आपल्या नावानं बाहेर जावं हे ठरवायचा हक्क कलाकाराला आहे. मुंबईतच १९७२ ला बासरीवादक विजय राघव राव आणि आपल्याकडच्या वादकांना घेऊन त्यांनी फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स ही गाणी रेकॉर्ड केली होती, ती अधिकृतपणे थेट २०१५ ला बाहेर आली, कोडा अल्बमच्या नव्या आवृत्तीत. त्रेचाळीस वर्षं ठेवून दिली. हा बँड असाच होता, मनासारखं नसेल तर बाहेर नाही.

निळी_कॅसेट:

दोन्ही एकच कसं? मुंबईचं रेकॉर्डिंग बंद खोलीतला प्रयोग होता, ते ठेवून द्यायला माझी काहीच हरकत नाही. लाइव्ह एड सगळ्या जगानं बघितलेलं होतं, ते आता ठेवून देऊन जाणार कुठे. देणगी दिली ते चांगलंच केलं, त्याबद्दल वादच नाही. पण तो सेट नीट मिक्स करून डीव्हीडीत घातला असता तर गिटार किती सुटली होती, गळा किती बसला होता आणि ड्रम्स नक्की कुठे चुकले हे प्रत्येकानं स्वतःच्या कानानं ऐकलं असतं. आता लोकांकडे काय आहे, तर टीव्हीवरून टेप केलेली घरघर करणारी कॉपी आणि पेजच्या मुलाखती. त्यामुळे नवीन पोरगा झेपेलिन ऐकायला लागतो तेव्हा त्याला कोणीतरी पहिल्याच महिन्यात सांगतं की लाइव्ह एड कॉलिन्सनं घालवलं, आणि तो ते मान्य करून मोकळा होतो.