लकव्यानंतर सातवा आठवडा: हार्नेसवाली ट्रेडमिल की घरचं अंगण?

केळीपट्टा_फिजिओ (रावेर तालुका)

रुग्ण ६२ वर्षांचे, केळीचे शेतकरी. उजवी बाजू अधू, सातवा आठवडा. चार पायांची काठी आणि एका माणसाचा हलका हात, एवढ्यावर चालतात. १० मीटरला ३२ सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.३१ मीटर. पाऊल लोंबतं, म्हणून पाय बाहेरून फिरवून टाकतात. त्या पायावर वजन आलं की गुडघा मागे झटका खातो. बी.पी.साठी मेटोप्रोलॉल चालू आहे. घर जुनं धाब्याचं, ओट्याला दोन उंच पायऱ्या, संडास देशी.

घरचे म्हणतात, मोठ्या शहरात खोली घेऊन महिनाभर हार्नेसवाल्या ट्रेडमिलवर (वरून पट्ट्यांनी अंगाचा भार तोलून धरतात ती) चालवू. एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का? आणि घरीच करायचं तर नेमकं किती?

तापीकाठ

ताई, या प्रश्नावर एक मोठी चाचणी झालेली आहे. लीप्स, अमेरिका, २०११, ४०८ रुग्ण. एका गटाला हार्नेससह ट्रेडमिल दुसऱ्या महिन्यापासून, दुसऱ्याला तीच सहाव्या महिन्यापासून, तिसऱ्याला घरी येऊन फिजिओने करून घेतलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. वर्षाअखेर सगळे मिळून ५२ टक्के लोकांची चालण्याची पातळी वर गेली, गटागटांत फरक नाही. उलट ज्यांचा पाय जास्त अधू होता त्यांच्यात, ट्रेडमिल लवकर सुरू केलेले लोक पुन्हा पुन्हा पडण्याचं प्रमाण जास्त निघालं.

यंत्राचा उपयोग मुळीच नाही असंही नाही. पहिल्या तीन महिन्यांत जो स्वतः चालूच शकत नाही, त्याला फिजिओच्या जोडीला यंत्राच्या मदतीने चालवलं तर आधाराविना चालू लागण्याची शक्यता वाढते, असं कॉक्रेनचा (चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा सांगतो. तुमचे हे पेशंट बाबा चालतात. त्यांच्यासाठी खोलीभाडं घालवू नका.

गिरणा_रिहॅब

भाऊ, निम्मंच सांगितलंत. लीप्समधलं 'घरी' म्हणजे फिजिओ समोर उभा, ९० मिनिटांपर्यंतची ३६ सत्रं, आणि दर वेळी व्यायाम थोडा अवघड केलेला. आपल्याकडे 'घरी करा' म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी सुनेला दाखवलेले सहा व्यायाम. भारतातच १४ केंद्रांवर १,२५० रुग्णांची अटेंड चाचणी झाली, २०१७ साली छापून आली. एका गटात घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. घरच्यांची माया कमी पडली असं नव्हे. मात्रा मोजणारा आणि वाढवणारा कुणी नसेल तर व्यायाम पहिल्या दिवशी होता तिथेच राहतो.

म्हणून ताई, आठवड्यातून तीन दिवस तुम्ही, उरलेले दिवस घरचे, आणि भिंतीवर वही टांगलेली. वहीत मिनिटं लिहू नका, पावलं लिहा. अमेरिका-कॅनडातल्या फिजिओ सत्रांचं निरीक्षण झालं तेव्हा चालण्याच्या एका सत्रात सरासरी ३५७ पावलं भरली. फारच कमी आहेत ती. तुमच्या बाबांना ३०० पासून सुरू करून दर आठवड्याला १००-१५० वाढवा. एका दमात नाही. थोड्या थोड्या पावलांचे चार-पाच फेरे, मधे खुर्ची.

मोजणी दर पंधरा दिवसांनी. अंगणात चुन्याने १४ मीटरची रेघ मारा. पहिले दोन आणि शेवटचे दोन मीटर सोडून मधल्या १० चा वेळ घ्या, नाहीतर सुरुवातीचा वेग पकडणं आणि शेवटी थबकणं त्यात मिसळतं. तीन फेऱ्यांची सरासरी. काठी तीच, पादत्राण तेच. वेगात सेकंदाला ०.१६ मीटरची वाढ दिसली तर ती खरी, ०.०५ ची वाढ म्हणजे त्या दिवशी मूड चांगला होता. ०.४ च्या खाली माणूस घरापुरता, ०.४ ते ०.८ मधे गल्लीपर्यंत, त्यावर बाजारात.

केळीपट्टा_फिजिओ

मेटोप्रोलॉलमुळे नाडी चढत नाही. मग जोर किती लावायचा ते कशावरून ठरवू?

गिरणा_रिहॅब

नाडीच्या सूत्रावर जाऊ नका, हिशेब चुकतो. ६ ते २० ची बोर्ग श्रममापनी (किती जोर लागतोय ते रुग्णानेच आकड्यात सांगायचं) वापरा, १३-१४ वर ठेवा, डॉक्टर हो म्हणाले की १५-१६. ढोबळ खूण: छोटी वाक्यं बोलता येतात, पण निवांत गप्पा मारता येत नाहीत. बसल्या जागी बी.पी. १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी चालणं नाही. छातीत दुखलं, घेरी आली की थांबायचं. आडवे असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी बी.पी. घ्या, वरचा आकडा २० ने उतरला तर आधी डॉक्टर. आपल्याकडच्या एप्रिल-मेमधे तर हे हमखास होतं, आणि लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच. सकाळी आठच्या आत उरका.

ऑर्थोटिक्स_धुळे

गुडघ्याच्या झटक्याकडे आत्ताच बघा, वर्षभराने मागची बाजू ताणून दुखायला लागते. कारण बहुतेक वेळा घोट्यात असतं. पोटरी घट्ट, पाऊल खाली ढकललेलं. टाच टेकली की नडगी पुढे येत नाही आणि गुडघा मागे जातो. बाबांना खुर्चीत बसवून, गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकला. काटकोनापर्यंत येत नसेल तर आधी पोटरीचा ताण काढा.

एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार) घेताना पातळ, मागे पट्टी असलेला स्प्रिंगवाला देऊन चालणार नाही. तो फक्त लोंबणारं पाऊल उचलतो, गुडघा आवरत नाही. घोट्याला घट्ट धरणारा, किंवा सांधा असलेला पण पाऊल खाली जाणं अडवणारा मागा.

आता सगळ्यात जास्त फसणारी गोष्ट. घरात अनवाणी राहायची सवय, आणि प्लास्टिकचा एएफओ सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर बर्फासारखा सरकतो. मागे पट्टा असलेली सँडल, एक नंबर मोठी, घरातसुद्धा. देव्हाऱ्यापुढे चालत नसेल तर घरातला जोड वेगळा ठेवा. दुसऱ्या पायातही तेवढ्याच उंचीचं काहीतरी हवं. आत सुती मोजा. पहिल्या दिवशी अर्धा तास घालून काढा आणि कातडी बघा. २० मिनिटांत लाली गेली नाही तर एएफओ तिथे गरम करून सैल करायला आणा. कापूस कोंबू नका, दाब वाढतो.

तापीकाठ

काठी डाव्या हातात आहे ना? घरचे हमखास अधू बाजूला देतात. मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला, चारही पाय एकदम टेकले पाहिजेत.

ओटी_भुसावळ

रोजच्या कामांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून थोडं.

खाटेवरून उठवू नका. दोरी झोळते, कंबर गुडघ्याच्या खाली जाते, मग घरचे उजवा हात धरून ओढतात. खांदा निखळतो तो असाच. फळीचा पलंग किंवा कडक खुर्ची, बैठक ५० सेंटीमीटर. कमरेला पंचा घट्ट बांधा, धरायचं ते त्याला, आणि उभं राहायचं उजव्या बाजूला. उजवं पाऊल गुडघ्याच्या मागे, डावं थोडं पुढे, म्हणजे अधू पायाला वजन घ्यावंच लागतं. नाहीतर माणूस चांगल्या पायावरच उठतो आणि आपण ते आकडे वहीत लिहीत बसतो. दहाचे तीन फेरे. जमलं की बैठक दोन-तीन सेंटीमीटरने खाली.

ओट्यासाठी एक आडवी वीट भिंतीलगत, हलणार नाही अशी पक्की. तिच्यावर उजवा पाय ठेवून चढणं-उतरणं. एकीवर डगमगणं थांबलं की दोन विटा. खऱ्या पायरीवर मात्र चढताना डावा आधी, उतरताना उजवा आधी.

देशी संडासावर सध्या भोकाची खुर्ची, डाव्या हाताला भिंतीत पाइप. ऊठबस जमेपर्यंत उकिडवं नकोच.

हाताचं काम पायासाठी थांबवू नका. भाकरी उजव्या हाताने दाबून डाव्याने मोडणं, इथून सुरुवात. चांगला हात बांधून अधू हात वापरायला लावण्याची पद्धत (एक्साइट चाचणी, २००६) उपयोगी आहे, पण मनगट २० आणि बोटं १० अंश स्वतःहून उघडत असतील तरच. आणि काठी डाव्या हातात असताना तो हात बांधायचा नाही, एवढं घरच्यांना दोनदा सांगा.