मदत हवी आहे: पेशवाई अंगरखा बगलेत उसवतो, घेर एका बाजूला ओघळतो

नाटकासाठी पेशवेकालीन अंगरखा घरी शिवायचा आहे. छाती ४०, उंची पोटरीपर्यंत, बाह्या मनगटापर्यंत. मांजरपाटाचा नमुना शिवून पाहिला. हात वर केला की अख्खा अंगरखा वर चढतो आणि बगलेत टीप उसवते. कमरेखाली दोन्ही कुशींना चार-चार कळ्या (घेरासाठी जोडलेले तिरके तुकडे) आहेत, पण डावीकडचा घेर खाली लोंबतो. मुंढा (बाही जोडायची खाच) नेहमीच्या सदऱ्यावरून कापला, बाही सरळ पट्टीची. खरे कापड ४४ इंच पन्ह्याचे छापील सुती आहे. ते कापायच्या आधी चूक कळायला हवी. आणि याला बाराबंदी म्हणायचे का?

सुईदोरा:
बाराबंदी नव्हे. ती आखूड असते आणि नावाप्रमाणे बारा बंदांची. तुमचा हा अंगरखाच.

चूक मुंढ्यात आहे. गोल मुंढ्याला वरून गोलाई दिलेली बाही लागते, तुम्ही सरळ बाही जोडलीत. सगळे सरळच कापा: खांद्यापासून खाली १० इंच सरळ रेघ, तिला सरळ बाही, आणि बगलेत चौबगला, म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा. हात उचलायला लागणारे कापड त्या चौकोनातून मिळते. तो ५ इंचांचा कापा, चारही बाजूंना अर्धा इंच दाब (शिवणीत जाणारे कापड) धरून ४ इंचांचा उरतो.

चौबगल्याची एक कड बाहीला, शेजारची अंगाला. प्रत्येक कोपऱ्यावर टीप कडेच्या अर्धा इंच आधी थांबवून गाठ मारा. टीप दाबात घुसली तर कोपरा चुरगळतो, फार आधी थांबली तर भोक राहते आणि तिथूनच उसवायला लागते. हे चार कोपरे हाताने, उलट्या टिपेने शिवा. मशीनवर हट्ट नको.

तिरकीकड:
घेराचे कारण कळ्यांच्या कापणीत सापडेल. किनार सोडून १०.५ इंच रुंद, ३१ इंच लांब अशा चार पट्ट्या काढा. प्रत्येक पट्टीवर वर २ इंचांवर खूण, खाली ८.५ वर, दोन्ही जोडून तिरके कापा. एका पट्टीत दोन, म्हणजे ३१ इंच कापडात आठही कळ्या.

पण अशा आठही कळ्या एकाच हाताच्या, म्हणजे तिरकी कड एकाच बाजूला असलेल्या, निघतात! साध्या कापडाच्या उलटवून घेता येतात, नमुन्यात ते राहून गेले असावे. छापील कापड उलटवता येत नाही, म्हणून एका कुशीला तिरकी कड पुढे येते, दुसरीला मागे, आणि दोन्ही बाजू वेगळ्या पडतात. उपाय: कापडाची उभी घडी घाला, सुलट बाजू आत, आणि दोन थर एकत्र कापा. चार डाव्या, चार उजव्या मिळतील.

जोडताना तिरक्या कडेला नेहमी सरळ कड. तिरकीला तिरकी जोडली की शिवण ताणून लांबते. वरून खाली शिवत या. तिरकी कड पाऊण इंचाच्या आसपास जास्त भरते, ती खाली सोडा. एक रात्र टांगून ठेवा, मग घेर छाटा, मग हेम. आणि कोरे कापड आधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात मापे जातील.

प्रश्नकर्ता:
घडी घातलीच नव्हती. आता बंदांचे सांगा, ओढले की तुटतात.

सुईदोरा:
बंद उभ्या धाग्यात कापा, तिरके कापलेत तर ओढून लांबतात. २ इंच रुंद पट्टी, दोन्ही कडा आत घेऊन चौघडी केली की अर्धा इंच उरते, लांबी १२ इंच. नुसत्या कडेवर टाकू नका. मगजीच्या (कडेला लावलेल्या पट्टीच्या) शिवणीत धरा आणि मागून इंचभर चौकोनी ठिगळ लावा, म्हणजे ओढ एकाच धाग्यावर येत नाही. आतल्या पदरालाही एक जोडी हवी, ती विसरली तर बसताना आतला पदर निसटतो.

तिरकीकड:
बांधायची बाजू आधी ठरवा. मुघल चित्रांत हिंदू सरदारांचे जामे (अंगरख्यासारखे घेरदार झगे) डाव्या बगलेला बांधलेले दिसतात, मुसलमानांचे उजव्या. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सने १७९०च्या दशकात पुण्यात रंगवलेले सवाई माधवरावांचे चित्र मोठे करून पाहा. आणि रंगाचे: १८५६ पूर्वी कृत्रिम रंग नव्हते. भडक जांभळे पॉलिएस्टर सॅटिन रंगमंचावरच्या दिव्यात लगेच ओळखू येते. पांढरे, हळदी, निळीचे किंवा मंजिष्ठाचे लाल घ्या.

प्रश्नकर्ता:
कापड निळीच्या रंगाचेच आहे. चौबगल्याचा नमुना आधी मांजरपाटावर करतो.