मित्राच्या लग्नात आवडलेलं बायपासचं गार्डन आपल्या सकाळच्या लग्नाला चालेल का? (इंदूर)

राजेंद्रनगरी:

बायपासवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये मित्राचं लग्न झालं, रात्रीचं. आता बहिणीच्या लग्नासाठी घरात त्याच जागेचं नाव निघतंय. आमचं लग्न मात्र आपल्या पद्धतीचं आहे. डिसेंबर महिना, मुहूर्त सकाळी साडेअकराच्या आसपास, चारशे पानं, आणि पंगत हवीच असं आजीने बजावलंय. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनही तिथेच.

पाहुणा म्हणून जे दिसलं ते लिहितो, गार्डनचं नाव मुद्दाम देत नाही. लॉन मोठं आणि राखलेलं. शेजारी पत्र्याचा एसी डोम, अंदाजे ६० बाय १०० फूट. मागे १२ खोल्या. जेवण चांगलं होतं. डोममध्ये माइकवर काय बोलतायत ते मागच्या निम्म्या खुर्च्यांना कळत नव्हतं. लाइट दोनदा गेली. दिवे लगेच आले, एसी आलेच नाहीत. हात धुवायला चार बेसिन, तिथे रांग. निघताना पार्किंगमधून रस्त्यावर यायला अर्धा तास लागला. भाडं ‘एका दिवसाचं’ सांगतात, आचारी आपला चालतो.

यातलं गंभीर काय आणि निभावून नेण्यासारखं काय?

रामबागकर:

तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपेक्षा ‘एका दिवसाचं’ हा शब्द जास्त धोक्याचा आहे. इंदुरातली बहुतेक गार्डनं रात्रीच्या लग्नाच्या हिशोबाने चालतात. ताबा दुपारी, बरात आठ-नऊला, जेवणं बारापर्यंत आणि मग टेंटवाले पहाटेपर्यंत सामान उचलत बसतात. साडेअकराच्या मुहूर्ताला तुमची हळद सातला लागणार, आचारी पहाटे चारला भट्टी पेटवणार. म्हणजे आदल्या रात्री जागा रिकामी असली पाहिजे, आणि सीमांतपूजन तिथेच करायचं तर दोन तारखा घ्याव्या लागतील. ‘आदली संध्याकाळ देतो की भिया’ असं गार्डनवाला सहज म्हणतो, पण त्यात पुष्कळदा फक्त डोम असतो आणि लॉन दुसऱ्याला दिलेलं असतं. तेव्हा करारावर लॉन, डोम, खोल्या आणि स्वयंपाकाची जागा, चारही गोष्टींच्या ताब्याची आणि सोडण्याची वेळ वेगवेगळी लिहून घ्या.

जागा बघायला संध्याकाळी जाऊ नका. रात्री लग्न झालेलं असेल त्याच्या दुसऱ्या सकाळी सातला जा. लॉन किती ओलं आहे, कचरा कुठे पडलाय, संडास कोण आणि किती वाजता धुतो, गीझर चालतात का, सगळं एका फेरीत दिसतं.

लॉनचं सांगतो. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास जातो आणि दंव पडतं. नऊ-साडेनऊपर्यंत गवत ओलंच. त्यावर हिरवी मॅट अंथरली की ती खालून पाणी ओढते. साड्यांचे काठ भिजतात, खुर्च्यांचे पाय रुततात. माळ्याला दोन दिवस आधी पाणी बंद करायला सांगा, मॅट साडेनऊनंतर अंथरा, आणि आजी-आजोबांच्या रांगांखाली लाकडी फळ्यांचा प्लॅटफॉर्म टाका.

मग ऊन. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य इथे जेमतेम ४४ अंश वर येतो, तोही दक्षिणेला. स्टेज दक्षिणेच्या टोकाला असेल तर चारशे माणसं अंतरपाटाकडे डोळ्यांवर हात धरून बघतील आणि फोटोत वधूवरांचे चेहरे काळे येतील. स्टेज उत्तरेच्या टोकाला, तोंड दक्षिणेकडे, म्हणजे उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडतो. रात्रीच्या लग्नाला हा प्रश्नच येत नाही, म्हणून गार्डनवाल्याला तो सुचणार नाही.

पार्किंगचं मनावर घेऊ नका. एकच गेट आणि रात्री सगळे एकदम निघतात, म्हणून कोंडी होते. पंगतीच्या लग्नात माणसं टप्प्याटप्प्याने जातात. शंभर गाड्या धरून २५ ते २७ हजार चौरस फूट मोकळी जागा आहे का एवढंच बघा. बाहेरगावच्यांची बस मात्र सर्व्हिस रोडवरून आत वळते का, ते पाहून ठेवा.

केव्हीए१२५:

दिवे आले पण एसी आले नाहीत, याचा अर्थ जनरेटरला फक्त दिव्यांची लाइन जोडलेली आहे, किंवा जनरेटर लहान आहे. जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये मोजतात. ६२.५ केव्हीएचा सेट ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएतला कामाला येणारा वाटा) धरून ५० किलोवॉट देतो. चार टनाचा एक टॉवर एसी पाचेक किलोवॉट खातो. डोममध्ये असे बारा असतील तर तिथेच ६० झाले. सगळं चालवायचं तर १२५ केव्हीए हवा आणि तो पूर्ण भारावर तासाला २५-२८ लिटर डिझेल पितो. डिझेल भाड्यात आहे की मीटरवर, हे विचारल्याशिवाय भाड्याची तुलना करू नका.

पण तुमचं लग्न डिसेंबरात दुपारी आहे, एसीची गरजच नाही. तुमचा खरा भार सकाळी सहाला येतो. १२ खोल्या, प्रत्येकी २ किलोवॉटचा गीझर, म्हणजे २४ किलोवॉट. वर केस वाळवायची यंत्रं, इस्त्र्या, आचाऱ्याचे मिक्सर. पाहणीच्या दिवशी बारा गीझर एकदम चालू करा आणि वीस मिनिटं थांबा. एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारा खटका) पडला तर तिथेच कळेल. १५ लिटरच्या गीझरमध्ये एकाची अंघोळ होते आणि पुढच्याला पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. खोलीत सहा जण असतील तर पहिला पाचलाच उठला पाहिजे. वधूच्या खोलीत १६ अँपिअरचे निदान दोन सॉकेट आरशाजवळ हवेत. बऱ्याच ठिकाणी एकुलता एक सॉकेट एसीने अडवलेला असतो.

आता आवाज. पत्र्याच्या डोममध्ये आवाज छताला आणि समोरच्या भिंतीला आपटून परत येतो. डीजेवाला दोन मोठे टॉप स्पीकर स्टेजशेजारी उभे करून आवाज वाढवतो, त्याने मागे नुसता गोंगाट पोचतो. मंगलाष्टकांसाठी उलटं करायचं. लांबीच्या दोन्ही बाजूंनी सहा लहान कॉलम स्पीकर, आवाज बेताचा. मिक्सरवरचा इको पूर्ण बंद. गुरुजींना कॉलरचा माइक, मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांना दोन वेगळे कॉर्डलेस, आणि तिन्हींच्या बॅटऱ्या त्या सकाळी नव्या.

आदल्या रात्री गाणीबिणी ठेवणार असाल तर दहाला लाउडस्पीकर बंद. तो देशभराचा नियम आहे, गार्डनवाला काही का सांगेना.

जिरावन:

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बुफे ठेवा आणि आजीसाठी एक टेबल मांडा. इंदुरात हल्ली कोण पंगत घालतं?

वरणभात:

घालतात, आणि नीट आखली तर बुफेपेक्षा अन्न कमी वाया जातं. फसते ती हिशोब न केल्याने.

चारशे पानं म्हणजे साधारण १३५ च्या तीन पंगती. माणशी दोन फूट धरा. २७ माणसांची रांग ५४ फूट, अशा पाच रांगा. प्रत्येक रांगेला टेबल दीड फूट, खुर्ची अडीच आणि वाढप्याला चालायला चार, मिळून आठ फूट. म्हणजे ५४ बाय ४० फुटांत एक पंगत बसते. तुमच्या डोमचा निम्म्याहून कमी भाग लागेल. लग्न लॉनवर आणि पंगत डोममध्ये, असंच करा.

एका पंगतीला बसणं-वाढणं दहा मिनिटं, जेवण पंचवीस, उष्टी काढून पुन्हा पानं मांडायला दहा. साडेबाराला पहिली बसली तर तिसरी पावणेतीनला उठते, मग घरच्यांची. जागा चारला सोडायची अट असेल तर घास घशात अडकतील. निदान सहापर्यंतचा ताबा घ्या. बारा पानांमागे एक वाढपी, शिवाय पाण्याला दोन आणि उष्टी काढायला तीन, असे सोळा-सतरा जण. बुफेवाल्या केटररची पोरं काउंटरमागे उभी राहण्यात तरबेज असतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे हे त्यांना आदल्या दिवशी एक पान मांडून दाखवावं लागतं.

चार बेसिन हा तुमच्या यादीतला सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. १३५ माणसं एकदम उठतात. एकाला वीस सेकंद धरले तर चार नळांवर मिनिटाला बारा जण, म्हणजे शेवटचा माणूस अकरा-बारा मिनिटांनी हात धुणार आणि तोवर पुढची पंगत दारात. टेंटवाल्याकडून बारा नळांची पाइपलाइन आणि खाली पन्हळ घ्या. ती डोमच्या बाहेर पडायच्या दाराशी लावा, आत यायच्या दाराशी नको.

पाणी चाखून बघा. बायपासकडची गार्डनं बहुतेक बोअरिंगवर चालतात. पाणी जड असेल तर तूरडाळ तासभर उकळूनही कणीदार राहते आणि आचारी सोडा घालून मोकळा होतो, मग वरणाची चव जाते. चारशे पानांना १२ किलो डाळ लागते. तिला ५० लिटरच्या आत-बाहेर पाणी, म्हणजे २० लिटरचे तीन जार. एवढा खर्च कराच. बाकीचा अंदाज असा: दोन्ही भातांना मिळून ४० किलो तांदूळ, जिलबी ४५ किलो, मठ्ठा ६० लिटर, पिण्याच्या पाण्याचे २५ जार. १९ किलोचे सहा सिलिंडर आणि दोन जास्तीचे.

सकाळी पोहे अडीचशे प्लेट धरा, १२-१३ किलो कोरडे पोहे. सातपासून दहापर्यंत लोक येत राहतात, म्हणून पातेलं उकळत्या पाण्यावर वाफेला ठेवा, नाहीतर आठनंतर पोहे वातड होतात.

समिधा:

लग्नविधीच्या बाजूने तीन गोष्टी.

स्टेजवर रिसेप्शनचे सोफे आधीपासून मांडलेले असतात. अंतरपाटाच्या वेळी वधूवर, दोन्हींकडचे आईवडील, मामा, करवल्या आणि गुरुजी मिळून पंधरा माणसं उभी राहतात. १६ बाय २० फूट मोकळं हवं. सोफे सप्तपदीनंतर चढवा. पायऱ्यांना एका बाजूने तरी कठडा असू दे. गुळगुळीत फरशीवर किंवा व्हिनाइलवर अक्षता सांडल्या की पाय घसरतो. सुती जाजम अंथरा.

होम प्लायच्या स्टेजवर आणि सिंथेटिक कार्पेटवर थेट मांडू नये. खाली पत्रा, त्यावर विटांचा थर, त्यावर वाळू, मग कुंड. मागचा पडदा कुंडापासून निदान सहा फूट दूर. अग्निशामक नळकांडं स्टेजच्या मागे नव्हे, बाजूला, हाताशी. होम उघड्यावर, लॉनवरच करा. डोममध्ये धूर कोंडतो, आणि धुराची सूचना देणारी यंत्रं लावलेली असली तर ऐन विधीत भोंगा वाजतो. थर्माकोलची सजावट टेंटवाल्याने सुचवली तर नको म्हणा. १ जुलै २०२२ पासून ती बंदच आहे, शिवाय ती भुर्रकन पेट घेते. प्लॅस्टिकची ताटं, पेले, चमचेही त्याच यादीत आहेत आणि आपल्याकडे नगर निगम त्या बाबतीत फार जागरूक आहे.

मुहूर्त पुण्याच्या कुणी काढून दिला असेल तर इथल्या गुरुजींकडून तपासून घ्या. पुणे आणि इंदूर यांच्या रेखांशात दोन अंशांचा फरक आहे, म्हणजे आठ मिनिटांचा. लग्नाची वेळ लग्नराशीवरून (त्या वेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीवरून) धरलेली असेल तर तेवढाही फरक मोजतात.

राजेंद्रनगरी:

सगळ्यांचे आभार. आज विचारून आलो. ताबा दुपारी बाराला, सोडायचं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. दोन तारखांचं भाडं आमच्या आवाक्याबाहेर आहे. आणि जीएसटी वेगळा म्हणाला.

रामबागकर:

नुसत्या जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी असतो, तो धरूनच तुलना करा. पक्कं बिल मागा. डिपॉझिट परत मिळायची तारीखही करारावर हवी, आणि ताबा घेताना खोल्यांचे व्हिडिओ काढून ठेवा.

दुपारी बारा ते सकाळी दहा हीच वेळ असेल तर जागेशी भांडण्यापेक्षा मुहूर्त बदलता येतो का बघा. गोरज मुहूर्त विचारा. डिसेंबरात सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. सीमांतपूजन आणि हळद शहरातल्या एखाद्या मांगलिक भवनात किंवा घरी करून बाराला गार्डनचा ताबा घ्या. साडेपाचच्या आसपास अक्षता, पहिली पंगत सातला, शेवटची सव्वानऊला उठेल. एकाच तारखेचं भाडं लागतं, दंव पडायच्या आत सगळे डोममध्ये येतात, आणि मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी उतरणाऱ्यांना स्टेशनवरून धावत यावं लागत नाही. फक्त उन्हाचा हिशोब बदलतो. त्या वेळी सूर्य पश्चिमेला अगदी खाली असतो, म्हणून स्टेज पश्चिमेच्या टोकाला नको.

समिधा:

गोरज चालेल, पण होम आणि सप्तपदी लगेच त्यानंतर, सहा ते साडेसातमध्ये उरकायला हवी. पहिल्या पंगतीत वधूवरांकडच्या जवळच्या माणसांना बसवू नका, ती सगळी तेव्हा स्टेजवरच असतील. आणि लॉनवर अंधार पडलेला असतो, तेव्हा होमाच्या जागेवर एक पांढरा फोकस वेगळा सांगून ठेवा. सजावटीच्या जांभळ्या दिव्यांत गुरुजींना पोथी दिसत नाही.