मदत हवी आहे: द जड्स कोणत्या क्रमाने ऐकवू?

मंडळी, आमच्या श्रवणमंडळात पुढच्या महिन्यात 'द जड्स' या अमेरिकन कंट्री जोडीवर तासाभराचा कार्यक्रम करायचाय. केंटकीच्या नेओमी आणि वायनोना, मायलेकी. आई नेओमी नर्स होती. 1983 मध्ये नॅशव्हिलला आरसीए या रेकॉर्ड कंपनीने करार केला, 1984 मध्ये 'मामा ही'ज क्रेझी' हे गाणं कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. 1991 मध्ये नेओमीच्या हेपटायटिस सी या यकृताच्या आजारामुळे जोडीने निरोपाचा दौरा केला. नंतर वायनोना एकटी गात राहिली. 2022 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये सन्मान व्हायच्या आदल्या दिवशी नेओमी गेली. हे सांगताना माझा आवाज स्थिर राहील की नाही, शंकाच आहे.

अडचण अशी: लोक शब्दांपेक्षा सुरांवर जातात. लेकीचा भरदार आवाज पुढे आणि आईचा त्याला हळूच बिलगलेला, हे नवख्या कानाला चटकन कळेल असं कोणतं गाणं आधी लावू? 'व्हाय नॉट मी' ची सुरुवातीची गिटार मला फार आवडते, पण ती त्यांचे गिटारवादक डॉन पॉटर कोणत्या ट्यूनिंगमध्ये (म्हणजे तारा कोणत्या स्वरांत लावून) वाजवतात? कुणी गिटारवाले असतील तर प्लीज सांगा. निरोपाच्या मैफलीचं चांगलं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर तेही कळवा.