भाचीच्या कमाईबद्दल मदत हवी आहे

भाची 15 वर्षांची, तेराव्या वर्षापासून मालिकेत काम करतेय. तारखा, पैसे, फोन सगळं ताईच्या हातात; पोळ्यासुद्धा मोजून. परवा माझ्याकडे आली, दोनदा वरणभात मागून खाल्ला आणि म्हणाली, "मावशी, आईला सांगू नकोस हं." दहावीचं वर्ष, पुस्तकं कोरी करकरीत!

बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. पण ते 14 वर्षांखालच्यांसाठीच ना? तेव्हाच्या ठेवीचं विचारलं तर ताई उसळली. ठेव झालीय का, हे मला कुठे कळेल? आणि आताच्या पैशांचं काय? 1098 ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करणं टोकाचं वाटतं, ताई वाईट नाहीये हो. कुणाला अनुभव आहे का?