मदत हवी आहे: 'विद्यार्थ्याला झालेला लाभ' या रकान्यात खरं काय लिहू?

नमस्कार मंडळी,

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगर्भशास्त्र. नवीन शैक्षणिक धोरणात आम्हाला 'कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट' आहे. 2 क्रेडिट, म्हणजे 60 तास. आमच्या चौघांच्या गटाला पुरंदर तालुक्यातलं एक गाव मिळालं, काम विहिरींची पाणीपातळी मोजायचं. नकाशा, तक्ते, फोटो सगळं तयार आहे. गाडी अडलीय शेवटच्या पानावर. तिथे 'विद्यार्थ्याला झालेला लाभ' असा रकाना आहे आणि किमान 300 शब्द भरायचेत.

सीनियर्सचे अहवाल चाळले. सगळीकडे तेच: नेतृत्वगुणांचा विकास झाला, संवादकौशल्य वाढले, ग्रामीण जीवनाची जवळून ओळख झाली. एका पठ्ठ्याने तर दुसऱ्याचं उतरवताना गावाचं नावही बदललेलं नाही.

आमच्या बाबतीत झालं असं. पहिल्या दिवशी आम्ही टेपला वजन बांधून 11 विहिरी मोजल्या आणि खूश होऊन परतलो. दुसऱ्या दिवशी एका आजींनी विचारलं, "कुठून मोजताय पोरांनो?" आम्ही कठड्याच्या वरून मोजत होतो. कुणाचा कठडा दीड फूट, कुणाचा साडेतीन. तो वजा करायचा असतो हे पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. वर आजी म्हणाल्या, "आणि आत्ता मोजून काय उपयोग? सकाळपासून मोटर चालूय." म्हणजे 11च्या 11 आकडे कचऱ्यात. आजी स्वतः पाणी 'परसा'त (खोली सांगायचं जुनं माप) सांगतात, "दोन परसावर आहे" वगैरे, आणि त्यांचा अंदाज आमच्या टेपच्या फार लांब नव्हता!

मग आम्ही लाईटचं वेळापत्रक विचारून घेतलं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे, मोटर सुरू व्हायच्या आधी जायला लागलो. माझ्यासारखीला पहाटे 5ला उठणं म्हणजे काय ते आईला विचारा.

मोटर किती तास चालते याचं खरं उत्तर मात्र कुणी देईना. अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत, काही जणांची प्लास्टिक टाकलेली शेततळी आहेत आणि ती विहिरीच्याच पाण्याने भरतात. प्रश्न विचारला की समोरचा चहा मागवायचा. चहा झाला की विषय संपलेला.

माझे प्रश्न:
पहिला, हे चुकांचं सगळं लाभाच्या रकान्यात लिहिलं तर मार्क जातील का?
दुसरा, निघताना सगळ्यांनी एकच विचारलं, "आता पुढे काय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमचे 60 तास भरले, त्यांना काय मिळालं? हे अहवालात आणावं की नाही?

– कोरडी_विहीर

जुना_स्वयंसेवक
तुझा रकाना वाचून हसू आलं. राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 1969 साली, 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिचं ब्रीद 'मी नव्हे, तुम्ही'. आणि आपण अहवालात लिहितो काय, तर मला काय मिळालं!
माझं सांगतो. सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात आम्ही एक बंधारा बांधला, पहिल्याच पावसात वाहून गेला. पण तिथे रोज 50 जणांच्या भाकरीचा हिशोब माझ्याकडे होता. आज दुकान चालवतो, उधारीची वही तशीच ठेवतो. दहा ग्रेस मार्कांपलीकडे हे मिळालं. तू लिही बिनधास्त.

बांधावरून
मी त्याच पट्ट्यातला. आमच्याकडे दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या कॉलेजची पोरं येतात. संडास आहे का, गॅस आहे का, मोबाईल कुठला. फॉर्म भरतात, आमच्यासोबत फोटो काढतात, गेली ती गेली. मोटरचे तास आम्ही का सांगावेत? उद्या कुणी येऊन मीटर बसवला तर? तुम्ही वाईट नाही ताई, पण तुमची वही कुठे जाते हे आम्हाला कुणी सांगत नाही. राग मानू नका.

फळ्यावरचा_खडू
मी हेच अहवाल तपासतो (तुमच्या कॉलेजात नाही, काळजी नको).
मार्क जात नाहीत. 'नेतृत्वगुण' वाचून आमचीही झोप उडत नाही, उलट लागते. कठड्याचा प्रसंग जसाच्या तसा लिहा, पण तिथे थांबू नका. आधी काय गृहीत धरलं होतं, कुणामुळे कळलं, मग पद्धत कशी बदलली, आणि बदलल्यावर आकडे कसे बदलले. त्या 11 विहिरींचे जुने आणि नवे आकडे शेजारीशेजारी छापा. विद्यार्थी काय शिकला याचा तुमच्याकडे यापेक्षा चांगला पुरावा नाही. आजींचं श्रेय त्यांना विचारून द्या, आणि परसाचे मीटर करून बघा.
एक सावधगिरी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तुम्ही एकाच हंगामात मोजलंय. तेव्हा 'गावाची पातळी खालावली' असं वाक्य चुकूनही लिहू नका. 'या आठवड्यात इतकी होती', बस्स. मोटरचे तास मिळाले नाहीत तर रकाना कोरा ठेवा आणि का मिळाले नाहीत ते लिहा. बांधावरून यांनी कारण सांगितलंच आहे. अंदाजपंचे आकडे भरलेले मला दहा वर्षांच्या सवयीने कळतात.
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अहवालात शोधू नका. अहवाल जमा करण्याआधी एकदा गावात जा आणि आकडे वाचून दाखवा.

कोरडी_विहीर
सर, खूप आभार. जुना_स्वयंसेवक काका, तुमचेही. बांधावरून दादा, राग नाही, लाज वाटली. आमच्या वहीत शेतकऱ्यांची नावं आहेत, ती काढून नुसते विहीर क्रमांक ठेवतेय. गटात बोलले. दोघं तयार, तिसऱ्याची क्रिकेटची मॅच आहे. सरपंचांना फोन केला, त्यांनी शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर या म्हणून सांगितलं. विहिरींचा नकाशा मोठा करून न्यायचाय. चार्टपेपरवर हाताने काढू की फ्लेक्स करून घेऊ? फ्लेक्स टिकेल ना?

बांधावरून
टिकेल की, गोठ्यावर. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पत्र्याच्या भोकावर टाकेल. चार्टपेपर आणा, सोबत स्केचपेन. कुणाची विहीर कुठे चुकलीय ते आम्हीच दाखवू. आणि शनिवारी सातनंतर या, त्याआधी धारा काढायच्या असतात.